ग्लासगोत राहणाऱ्यांनो, शनिवार-रविवारी कुठे जाता? ओळखी कशा झाल्या?

केल्विनकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरात मला ग्लासगोला येऊन पाच वर्षं होतील. गेल्या महिन्यात नव्याने आलेल्या दोघीतिघींशी बोलणं झालं. प्रत्येकीचं म्हणणं एकच: "बघायला खूप आहे गं, पण इथे माणसं कशी जोडायची?" म्हणून हा धागा काढतेय.

पहिलं वर्ष मी यादी घेऊन फिरले. कॅथीड्रल झालं, त्यामागची नेक्रोपोलिस या जुन्या दफनभूमीची टेकडी झाली, रिव्हरसाइड म्युझियम झालं, लॉक लोमंड सरोवराला जाऊन आले. फोनमध्ये दोन हजार फोटो आणि गावात ओळखीचं माणूस एकही नाही. ऑफिसातले लोक बोलायला गोड, पण पाच वाजले की जो तो आपापल्या घरी. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की संध्याकाळपर्यंत कुणाची तरी एक वाटी दारात येते. इथे कुणी वाईट वागलं नाही, पण वाटीही आली नाही. मी त्या वर्षी खूप रडले आहे, हे सरळच सांगते.

दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरात पावणेचारला अंधार व्हायला लागला तेव्हा घरात बसवेना. केल्विनग्रोव्ह म्युझियम घरापासून पंधरा मिनिटांवर, प्रवेश फुकट आणि आत छान ऊब. तिथे सोमवार ते शनिवार दुपारी एक वाजता ऑर्गन वाजतो, रविवारी तीनला. ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला ऑर्गन येतो. हा ऑर्गन १९०१ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, मधल्या दालनाची अख्खी भिंत व्यापून बसलेला. खालचे सूर लागले की हाताखालचा दगडी कठडा थरथरतो.

मी दर शनिवारी त्याच वेळी, वरच्या गॅलरीत त्याच खांबापाशी बसायला लागले. पलीकडच्या बाकावर एक आजी-आजोबा ठरलेले. तिसऱ्या शनिवारी आजोबांनी मान हलवली. पाचव्या वेळी आजींनी पर्समधून खडीसाखरेसारखी गोळी काढून दिली. मग एका शनिवारी मला ताप होता, गेले नाही. पुढच्या वेळी जिना चढून वर आले तर आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इट्स युअरसेल्फ!" म्हणजे आपलं "अगंबाई, तू होय!" माझी कुणीतरी वाट पाहिली होती. त्या दिवशी परतताना हे गाव मला पहिल्यांदा माझं वाटलं.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी एकच सांगते. यादी बाजूला ठेवा, आपली एक जागा आणि एक वेळ ठरवा, आणि पाऊस असो, वारा असो, तिथे जात राहा. इथली माणसं पहिल्या भेटीत उघडत नाहीत, पण चेहरा ओळखीचा झाला की जीव लावतात.

तुमची जागा कोणती? मोकळेपणाने लिहा.

नवीन_पाहुणी

धागा अगदी वेळेवर आला. मी एमएस्सीसाठी जानेवारीत आले. वर्गात आम्ही सगळे परदेशीच, स्थानिक माणूस भेटतो तो दुकानात. त्यांचं बोलणं निम्मं कळत नाही, म्हणून मी नुसती हसते. परवा घरमालकीण म्हणाली, "आय'म अवे फॉर मा मेसेजेस." मला वाटलं फोनवर काही आलंय! नंतर कळलं, मेसेजेस म्हणजे वाणसामान.

केल्विनकाठ, तुमचं ते "खूप रडले" वाचून बरं वाटलं. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

मोसंबी

छान विषय. मी पार्टिकमध्ये राहतो, मूळ भोकरदनचा.

माझी जागा जरा निराळी आहे. मॉडर्न आर्टच्या गॅलरीसमोर वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८४४ चा. सगळे त्याला डोक्यावरच्या केशरी शंकूमुळे ओळखतात. रस्त्यावर खड्डा असला की ठेवतात ना, तो. १९८० च्या दशकापासून कुणी ना कुणी रात्री चढून तो ठेवतं, पालिका काढते, पुन्हा येतो. २०१३ साली चौथरा उंच करून हे बंद करायचा बेत निघाला तर गावाने इतका आरडाओरडा केला की बेत गुंडाळावा लागला. लोकांचं त्या शंकूवर खरंच प्रेम आहे.

पण शंकूचा फोटो काढून निघून जाऊ नका, खाली चौथऱ्याकडे बघा. तिथल्या ब्राँझच्या पट्ट्यांमध्ये एक लढाई वॉटर्लूची आहे आणि दुसरी असईची. आमच्या असईची! जालना जिल्हा, आमच्या भोकरदनजवळ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एका बाजूला आणि हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, इंग्रजांची फौज घेऊन दुसऱ्या बाजूला. लहानपणी आम्ही मामाच्या गावी जाताना असईवरून जायचो. सात समुद्रापलीकडे आल्यावर भर बाजारात ते नाव समोर उभं राहिलं तेव्हा माझे पाय तिथेच थबकले.

दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथल्या पायऱ्यांवर बसायला लागलो. एकदा एक साठीचे गृहस्थ शेजारी बसून सँडविच खात होते. मी त्यांना ती पट्टी दाखवली आणि म्हटलं, माझं गाव इथून दहा-बारा मैलांवर. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आले आणि खिशातून तंबाखूची जुनी पत्र्याची डबी काढली. आत कापसावर त्यांच्या आजोबांच्या टोपीचं बोधचिन्ह होतं. आजोबा हायलंड लाइट इन्फंट्रीत, म्हणजे ग्लासगोच्या पलटणीत होते. चिन्हावर एक छोटा हत्ती आणि अक्षरं: असई. या पलटणीच्या पूर्वजांपैकी ७४ व्या पलटणीची त्या लढाईत भयंकर हानी झाली होती, तो हत्ती तिथून आलेला. त्यांनी ते नाव जन्मभर पाहिलं होतं, पण ते गाव आहे, तिथे माणसं कापूस आणि मका लावतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या शेतांत आपल्याकडची हजारो माणसं पडली, त्यांची नावं कुठल्याच चौथऱ्यावर नाहीत, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आता दर बुधवारी आम्ही सोबत जेवतो. त्यांना थालीपीठ आवडतं.

दोन_लेकरं

मोसंबी, काटा आला वाचताना. पाच-सहा वेळा त्या पुतळ्याखालून गेलेय, कधी खाली पाहिलंच नाही.

आता आम्ही साउथसाइडवाले. इथे पोलोकशील्ड्सला अल्बर्ट ड्राइव्हवर मेथी, कढीपत्ता, कैरी सगळं मिळतं, म्हणून पुष्कळ जण येतात आणि पिशव्या भरून परत जातात. त्याच रस्त्यावर ट्रामवे आहे, तिथे थांबतच नाहीत. पूर्वीचा ट्रामचा डेपो तो. १९८८ साली पीटर ब्रुक या नाट्यदिग्दर्शकाने आपलं महाभारत, ते नऊ तासांचं, ब्रिटनमध्ये फक्त इथे केलं आणि तेव्हापासून ही जागा नाटक, नाच, चित्रं यांची झाली. जमिनीत अजून ट्रामचे रूळ आहेत, माझा मुलगा त्यांवरून तोल सांभाळत चालतो. मागच्या बाजूला हिडन गार्डन्स नावाची बाग आहे, २००३ सालची. उन्हाच्या दिवशी तिथे पंजाबी आज्या, पाकिस्तानी आज्या, स्कॉटिश आज्या एका बाकावर. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं तरी स्वेटरच्या टाक्यांवरून मैत्रीण मिळाली.

लहान मुलं असतील तर सार्वजनिक वाचनालयातलं बुकबग चुकवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गाणी-गोष्टींचा तास, फुकट. मी सुरुवातीला मागे भिंतीला टेकून बसायचे. एकदा तिथल्या बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेतलं काही म्हणाल का? मी पावसाला पैसा देऊन बोलावण्याचं बडबडगीत म्हटलं. अर्थ सांगितल्यावर सगळ्या आया थक्क झाल्या, पावसाला कुणी पैसे देऊन बोलावतं? मग मी मे महिन्याचं ऊन, भेगाळलेली जमीन, विहिरीचा तळ असं सगळं सांगितलं. आता प्रत्येक तासाच्या शेवटी ते गाणं होतंच, आणि गोऱ्या गोऱ्या पोरांच्या तोंडून मराठी ऐकताना मला अजून भरून येतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला पोलोक पार्कात पार्करन, पाच किलोमीटर, चाललात तरी चालतं. मग त्याच पार्कातलं बरेल कलेक्शन हे संग्रहालय, तेही फुकट. २०२२ ला दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं. वाटेत हायलंड गाई, डोळ्यांवर केस आलेल्या. मुलीने त्यांचं नाव "झिपऱ्या" ठेवलंय.

एडिनबरावासी

डोकावून जातो. आमच्याकडे ऑगस्टात फ्रिंज हा कलामहोत्सव असतो, जगभरातून माणसं येतात, पण त्या गर्दीत शेजाऱ्याची ओळख होत नाही. ती झाली ग्लासगोच्या गाडीत. दर आठवड्याला कामानिमित्त यायचो. तुमच्याकडे बसस्टॉपवर दोन मिनिटं उभं राहिलं की कुणीतरी आपलं गुडघेदुखीचं ऐकवतं. मला हे फार आवडतं, आमच्या साताऱ्याच्या एसटी स्टँडची आठवण येते.

आणि "व्हेअर डू यू स्टे?" हे लक्षात आलं का कुणाच्या? इथे सगळे "तुम्ही कुठे राहता" साठी "स्टे" म्हणतात, अगदी आपल्यासारखं. शाळेत बाई ते चूक धरायच्या!

केल्विनकाठ

किती छान लिहिताय सगळे!

नवीन_पाहुणी, तुझ्यासाठी दोन गोष्टी. एकेरीवर आले, रागावू नकोस.

पहिली, ओरान मोर. बायर्स रोडच्या टोकाचं जुनं चर्च. २००४ पासून तिथे दुपारी एकला "अ प्ले, अ पाय अँड अ पाइंट" चालतं. सुमारे पन्नास मिनिटांचं नवं नाटक, आणि तिकिटातच एक पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि एक पेय. शाकाहारी पायही असतो, आधी सांगायचं. टेबलं सामायिक, त्यामुळे खाता खाता शेजारच्याशी बोलणं होतंच. तिथला प्रेक्षक नाटक जाणणारा आहे. बाहेर पडताना लोक नटाच्या एकेका वाक्यावर वाद घालतात. आपल्याकडच्या प्रयोगानंतर बसस्टॉपपर्यंत चालतो ना, तसा. आठवड्याला नाटक बदलतं, म्हणून नेमाने येणारे पुष्कळ.

दुसरी गोष्ट म्हणजे "केली" नाच. हा शब्द वाचून आपल्याला क्रियापद आठवतं, पण तो गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतला आहे. शुक्रवारी रात्री शहरात स्लोन्स नावाच्या पबमध्ये असतो, शिवाय लग्नं, शाळा, चर्चची सभागृहं, सगळीकडे. पावलं येत नाहीत म्हणून मी दोन वर्षं गेले नव्हते. अगं, कुणालाच येत नाहीत! वाद्यवृंदातला एक जण आधी सांगतो, एकदा करून दाखवतो आणि मग सुरू. "डॅशिंग व्हाइट सार्जंट" नावाच्या नाचात तिघातिघांचे गट समोरासमोर उभे राहतात. एक फेरी झाली की कमानीखालून पुढच्या तिघांसमोर जायचं. दहा मिनिटांत निम्म्या सभागृहाचे हात तुमच्या हातांतून गेलेले असतात. ओळख करून द्या, हवामानावर बोला, काही लागत नाही. आणि "स्ट्रिप द विलो" मध्ये कोपरात कोपर अडकवून गरागरा फिरवतात तेव्हा माझ्या अंगात मंगळागौर आली. समोर किल्ट घातलेला सहा फुटी माणूस, आणि मी वजन मागे टाकून पाय मध्ये रोवले, फुगडीत रोवतो तसे. तो म्हणाला, "यूव्ह डन धिस बिफोर." मी म्हटलं, सात वर्षांची असल्यापासून! सपाट चपला घाल, ओढणी घेऊ नकोस आणि पाणी पीत राहा.

निवृत्त_मास्तर

नमस्कार. मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. माझ्यासारख्यांच्या उपयोगाचं थोडं लिहितो.

मुलगा-सून कामावर गेल्यावर घर खायला उठतं. मी रोज दहा वाजता बोटॅनिक गार्डन्समध्ये किबल पॅलेस नावाच्या काचघरात जातो. हे काचघर मूळ लॉक लाँगच्या काठी कूलपोर्टला एका गृहस्थाच्या घराशी होतं, तिथून सुटं करून १८७३ साली इथे उभं केलं. आत झाडाएवढे नेचे आहेत. ओल्या मातीचा जो वास येतो तो थेट आमच्या कोयनेच्या खोऱ्यातला. बाहेर सहा अंश आणि आत मफलर काढावा लागतो.

तिथे एक निवृत्त जहाजबांधणी कामगार येतात. त्यांचं इंग्रजी मला पेलत नाही, माझं त्यांना. तरी रोज तासभर बोलतो. त्यांनी क्लाइड नदीवरच्या गोद्यांबद्दल हातवारे करून सांगितलं, रिव्हेट कसा तापवून फेकायचे, दुसरा कसा झेलायचा. मी त्यांना ऊसाची मोळी बांधून दाखवली, मफलरनेच. गोव्हनहून पार्टिकला नदीवर नवा पादचारी पूल २०२४ साली झाला आहे, त्यावरून ते मला एकदा घेऊन गेले. मध्यावर थांबून त्यांनी दोन्ही काठ दाखवले, कुठे कोणती गोदी होती ते. आता बरीचशी जागा मोकळी आहे. ते कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. मी गप्प राहिलो.

सबवे, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, हीही पाहावी. १८९६ ची, वर्तुळाकार, पंधरा स्थानकं. चोवीस मिनिटांत जिथून बसलो तिथेच येतो. नातवाला घेऊन मी नुसती प्रदक्षिणा घातली. रविवारी ला बेल प्लेसच्या हिंदू मंदिरात जातो, तीही जुनी सुंदर इमारत, पूर्वीचं सभागृह.

साठीवरच्यांना बस फुकट असते असं ऐकलं. ते कुठे मिळतं?

दोन_लेकरं

मास्तर, नमस्कार. तो पास स्कॉटलंडमध्ये कायम राहणाऱ्या साठीवरच्यांना मिळतो, भेटीला आलेल्यांना नाही. बावीस वर्षांखालच्या इथल्या मुलांनाही बस फुकट आहे, २०२२ पासून. तुम्ही दिवसाचं तिकीट काढा, स्वस्त पडेल. उतरताना चालकाला "चिअर्स, ड्रायव्हर" म्हणायला नातू शिकवेलच!

नवीन_पाहुणी

एक विचारू? वर्गातले गुरुवारी पबमध्ये जातात. मी पीत नाही, मांसाहार नाही. जाऊन अवघडून बसायचं का?

मोसंबी

बिनधास्त जा. मी नऊ वर्षांत थेंब घेतला नाही आणि कुणी आग्रह केला नाही. फक्त एक रीत पाळ. इथे "राउंड" असतो, आळीपाळीने एकेक जण सगळ्यांसाठी पेय आणतो. आपण सोडा घेत असलो तरी आपली पाळी आपण घ्यायची. पाळी चुकवणाऱ्याचं नाव ते वर्षभर विसरत नाहीत. आपल्याकडे चहाचे पैसे देताना हात मागे घेणाऱ्याकडे कसं बघतात, तस्संच. आयर्न-ब्रू माग, इथलंच केशरी पेय आहे, मागितलंस की माणसं खूश होतात.

खाण्याचं मात्र विचारून घे. पहिल्या वर्षी एका जागी मसुराच्या डाळीचं सूप मागवलं, डाळच ती, म्हणून निर्धास्त प्यालो. अर्धी वाटी संपल्यावर कळलं की ते डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात, तशीच इथली पद्धत. त्या रात्री जेवलो नाही. आता प्रत्येक ठिकाणी "स्टॉक कशाचा?" हे आधी विचारतो. शाकाहारी हॅगिस मात्र जरूर खा, ओट्स, डाळी आणि मिरपुडीचं.

केल्विनकाठ

हॅगिसवरून आठवलं, हे सांगायचं राहिलं होतं.

आमच्या इमारतीत एका जिन्यावर आठ घरं. इथे अशा सामायिक जिन्याला "क्लोज" म्हणतात. जिना झाडायची पाळी असते, चाळीसारखी. वरच्या मजल्यावरच्या आजींनी तिसऱ्या वर्षी एकतीस डिसेंबरला संध्याकाळी दार वाजवलं. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला बारा वाजून गेल्यावर आमच्याकडे पाठवशील का? इथे समजूत आहे की नव्या वर्षात उंबऱ्यावर पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं तर घराला भाग्य येतं. आधी आजोबाच करायचे, ते गेले. दोन वर्षं कुणी आलं नव्हतं.

त्यांनीच कोळशाचा एक खडा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, तो घेऊन यायचा, चूल विझू नये म्हणून. सोबत शॉर्टब्रेड. मी एका वाटीत तिळाची वडी घातली. बारा वाजले, नदीकडून फटाक्यांचे आवाज आले, आणि माझा नवरा कोळसा हातात धरून दोन जिने चढला. आजींनी दार उघडलं तेव्हा त्या ठेवणीतला निळा पोशाख घालून, केस नीट बसवून उभ्या होत्या. ह्याने उंबऱ्यावर थांबून आधी बूट काढले, सवयीने. त्या बुटांकडे बघत राहिल्या आणि मग ह्याचा कोळसा धरलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. तळवे काळे झाले त्यांचे, पुसलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझी वाटी परत आली. रिकामी नव्हती.

असो. येत्या शनिवारी पाऊण वाजता केल्विनग्रोव्हमध्ये, सर रॉजर हत्तीपाशी मी उभी असेन. पेंढा भरलेला आहे, वर स्पिटफायर विमान टांगलंय, चुकणार नाही. कोण येतंय?

दोन_लेकरं

आम्ही चौघं.

निवृत्त_मास्तर

मी येतो. माझे मित्रही येतील, विचारतो.

नवीन_पाहुणी

काल जाऊन आले, म्हणून लिहितेय. मी पंधरा मिनिटं आधी पोचले आणि हत्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या, इतकी धाकधूक. मग "दोन लेकरं" मधलं धाकटं लेकरू माझ्याकडे बोट दाखवून ओरडलं, "आई, ही मराठी दिसते!"

ऑर्गन सुरू झाल्यावर कठडा खरंच थरथरतो. मास्तरांचे जहाजवाले मित्र डोळे मिटून बसले होते. केल्विनकाठताईंच्या त्या आजींनी मलाही गोळी दिली. पुदिन्याची होती. तिचा चंदेरी कागद मी वहीत ठेवला आहे.

पुढच्या शनिवारी ताई गावाला जाणार आहेत. आजींना मी सांगितलंय की मी येईन.